अख्खी टर्की तेलात तळायची असेल तर

कढईत वडे सोडताना ओल्या हाताचा एक थेंब तेलात पडला की काय होतं, ते प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. तड्‌ करून आवाज येतो आणि तेल हातावर उडतं. आता थेंबाऐवजी वाटीभर बर्फ, कढईऐवजी तेरा लिटर तेल आणि खाली भडकलेली गॅसची शेगडी, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणादिवशी, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, टर्की (कोंबडीपेक्षा बराच मोठा पक्षी) तळताना जे भडके उडतात त्यांतले बरेचसे असेच उडतात. घरगुती स्वयंपाकातून लागणाऱ्या आगी त्या देशात वर्षभरात सर्वांत जास्त याच दिवशी लागतात. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही तिथली आगप्रतिबंधाची मोठी संस्था. तिचा सल्ला स्पष्ट आहे: उकळत्या तेलात अख्खी टर्की बुडवणारी उघडी भांडी घरी वापरूच नका.

तरीही लोक तळतात, कारण चव आणि वेळ. दक्षिणेकडच्या लुइझियाना राज्यातल्या, फ्रेंच वंशाच्या केजन लोकांची ही पद्धत आज सगळ्या अमेरिकेत पसरली आहे. बारा पाउंडांची टर्की ओव्हनमध्ये तीनेक तास घेते, तेलात पाऊण तासात होते. कातडी पापडासारखी कुरकुरीत होते आणि छातीचं मांस कोरडं पडत नाही. तिकडे राहणाऱ्या अनेक मराठी घरांतही आता मित्रमंडळी जमवून हा बेत होतो. म्हणून तो करायचाच असेल तर नेमकं काय बिघडतं, का बिघडतं आणि ते आधीच कसं टाळायचं, हे नीट समजून घेऊ. यातला बहुतेक धोका शेगडी पेटवण्याच्या आधीच ठरलेला असतो. टर्की किती कोरडी आहे, भांड्यात तेल किती आहे आणि शेगडी कुठे मांडली आहे, या तीन गोष्टींवर.

पाणी तेलात गेल्यावर नेमकं काय होतं

पाणी तेलापेक्षा जड असतं. त्यामुळे ते वर तरंगत नाही, खाली जातं. तळणीचं तेल असतं १७७ अंश सेल्सिअसला आणि पाणी उकळतं १०० अंशाला. म्हणजे खाली गेलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते. वाफ झालेलं पाणी सुमारे १,७०० पट जागा मागतं. दीडशे मिलिलिटर पाण्याची, म्हणजे एका वाटीची, अडीचशे लिटर वाफ होते. दोनशे लिटरचं पिंप भरून उरेल इतकी. ही वाफ तेलाच्या तळातून वर येताना वरचं सगळं तेल फेस करत उचलते. भांडं उतू जातं, तेल बाहेरून ओघळतं आणि थेट ज्योतीवर पडतं. पुढचं काम ज्योत करते.

चांगल्या वाळवलेल्या टर्कीतही पाणी असतंच, मांसाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग पाणीच आहे. पण ते मांसात धरलेलं असतं आणि हळूहळू, बारीक बुडबुड्यांनी बाहेर येतं. हे बुडबुडे तर हवेतच. बाहेर पडणारी वाफ तेलाला आत शिरू देत नाही, म्हणून नीट तळलेला पदार्थ तेलकट होत नाही. भीती असते ती सुट्या पाण्याची: पोकळीत साठलेलं पाणी, सांध्यांत अडकलेला बर्फ, कातडीखाली राहिलेलं मॅरिनेड, म्हणजे मांस मुरवायचा मसालेदार रस.

टर्की: किती मोठी आणि किती कोरडी

दहा ते बारा पाउंडांची, म्हणजे साडेचार ते साडेपाच किलोची टर्की घ्या. चौदा पाउंडांच्या वर जाऊ नये. पक्षी मोठा असला की आतलं मांस शिजेपर्यंत बाहेरची कातडी काळी पडते, आणि तो उचलणं-सोडणंही अवघड होतं. माणसं जास्त असतील तर दोन लहान टर्की एकामागून एक तळा. माणसं चारपाचच असतील तर अख्खी टर्की आणूच नका. फक्त मांड्या-तंगड्या किंवा छातीचा भाग आणा. भांडं लहान, तेल कमी, धोकाही कमी.

गोठलेली टर्की फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोल ट्रेमध्ये ठेवून वितळवायची. दर चार ते पाच पाउंडांना २४ तास लागतात. बारा पाउंडांना पुरते तीन दिवस. गुरुवारी तळायची असेल तर रविवारी सकाळीच फ्रीझरमधून काढा, म्हणजे वाळवायला बुधवारची रात्र हाताशी राहते. विसरलात तर दुसरा मार्ग आहे: वेष्टणासकट गार पाण्यात बुडवून ठेवायची आणि दर अर्ध्या तासाला पाणी बदलायचं. पाउंडामागे अर्धा तास धरला तर बारा पाउंडांना सहा तास. अशी वितळवलेली टर्की मात्र लगेच शिजवावी लागते. ओट्यावर उघडी ठेवून वितळवू नका. बाहेरचा भाग कोमट होऊन त्यात जंतू वाढतात आणि आत बर्फ तसाच राहतो.

वरून मऊ लागली म्हणून वितळली असं समजू नका. पोकळीत हात घालून बरगड्यांच्या आतल्या बाजूने बोटं फिरवा, मांडी आणि धड जिथे जुळतात तिथे दाबून पाहा. बर्फाचा कण किंवा टणकपणा लागला तर आज तळायची नाही, ओव्हनमध्ये भाजायची. इथे दुसरा पर्याय नाही.

पोकळीतून मान आणि काळीज-पोटा वगैरेची पिशवी काढा. ही पिशवी कधीकधी मानेच्या बाजूला, कातडीच्या घडीत असते, तिथेही पाहा. तंगड्या बांधणारी प्लॅस्टिकची अडकवणी आणि छातीत खोचलेला प्लॅस्टिकचा टायमरही काढायचा. मानेकडची लोंबती कातडी छाटून भोक निदान दोन इंच मोकळं करा, म्हणजे तेल आरपार वाहील आणि वाफ आत कोंडणार नाही. मांडीच्या सांध्यापाशी कातडीला एक छोटी चीर द्या. तिथे साचलेलं पाणी निथळून जातं. पोकळीत सारण भरायचं नाही. ते ओलं असतं, आणि मधोमध शिजतही नाही.

आपल्याकडे मांस-मच्छी हळद लावून धुऊन घ्यायची सवय असते. इथे ती सोडा. कच्ची कोंबडी-टर्की नळाखाली धुतल्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर सिंकभर आणि ओट्यावर पसरतात. शिवाय जे पाणी आपल्याला नको आहे तेच आपण आत भरतो. धुण्याऐवजी कागदी टॉवेलने आतून-बाहेरून टिपून घ्या, टॉवेल कोरडा निघेपर्यंत. मग जाळीवर ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये उघडी राहू द्या. कातडी सुकून चामड्यासारखी ताणलेली दिसली की तयारी झाली.

मसाल्याचं काय? तिखट, हळद, गरम मसाला वरून चोपडला तर तो तेलात सुटतो, जळतो, कातडीवर काळे डाग पडतात आणि तेल कडू होतं. साखर किंवा मध तर नकोच. चव आत घालायची. आलं, लसूण, हिरवी मिरची वाटून बारीक गाळणीतून रस काढा, त्यात वितळलेलं लोणी आणि मीठ घाला, आणि मॅरिनेडच्या जाड सुईच्या पिचकारीने छाती-मांड्यांत खोलवर सोडा. गाळलं नाही तर सुई तुंबते. बारा पाउंडांना एक कप रस पुष्कळ झाला. हे आदल्या दिवशी करा आणि बाहेर ओघळलेलं पुसून काढा. दुकानातल्या बऱ्याच टर्कीत मिठाचं पाणी आधीच भरलेलं असतं, आणि ते वेष्टणावर लिहिलेलं असतं. तशी असेल तर तुमच्या रसात मीठ घालू नका.

तेल किती, हे पाण्याने मोजायचं

अंदाजाने तेल ओतणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. पद्धत सोपी आहे, पण ती टर्कीचं वेष्टण काढण्याआधी, म्हणजे वाळवायच्या आधीच, करायची. वेष्टणासकट टर्की भांड्यात उभी ठेवा आणि ती पूर्ण बुडून वर एक इंच पाणी राहील इतकं पाणी घाला. आता पाणी आणि भांड्याचा काठ यांच्यात निदान चार इंच मोकळे राहिले पाहिजेत. राहत नसतील तर भांडं लहान आहे किंवा टर्की मोठी आहे. टर्की बाहेर काढा. पाणी खाली जाऊन जिथे थांबेल तिथे खूण करा. ती तेलाची कमाल पातळी. मग भांडं पुसून पूर्ण कोरडं करा, नळी-तोटी असलेलं भांडं असेल तर तीही. टर्कीचं पाणी लागलं असेल तर भांडं आधी साबणाने धुवायला विसरू नका.

त्या खुणेच्या अर्धा ते पाऊण इंच खालीच तेल थांबवा. कारण तेल तापलं की फुगतं. खोलीच्या तापमानापासून १७७ अंशांपर्यंत जाताना त्याचं आकारमान सुमारे दहा-अकरा टक्के वाढतं. तेरा लिटर तेल चौदा लिटरच्या वर जातं. पाण्याने मोजताना ही वाढ दिसत नाही, म्हणून ‘बरोबर मोजलं होतं तरी उतू गेलं’ असं होतं.

बारा पाउंडांसाठी साधारण ३० क्वार्टचं, म्हणजे सुमारे २८ लिटरचं उंच भांडं आणि तीन ते साडेतीन गॅलन, म्हणजे साडेअकरा ते तेरा लिटर, तेल लागतं. तेल शुद्ध केलेलं शेंगदाण्याचं चांगलं. ते साधारण २३० अंशांपर्यंत धुरावत नाही. आपल्या कामाचं तापमान आणि धूर यांच्यात पन्नासेक अंशांची जागा मिळते. घाण्याचं, न गाळलेलं शेंगदाणा तेल चालणार नाही, ते फार लवकर धुरावतं. पाहुण्यांत कोणाला दाण्याची ॲलर्जी असेल तर कनोला तेल घ्या, पण दोन्ही बाबतीत कोणतं तेल वापरलं ते आधी सांगा.

जागा

उघड्यावर, सपाट जमिनीवर, घरापासून निदान दहा फूट दूर. लाकडी डेकवर नाही, गॅरेजमध्ये नाही, छपराखाली किंवा झाडाच्या फांदीखाली नाही. गॅरेजचं दार उघडं ठेवलं तरी नाही. आगीची गोष्ट आहेच, शिवाय प्रोपेनच्या ज्योतीतून येणारा कार्बन मोनॉक्साइड तिथून घरात शिरतो, त्याला वास नसतो. पाऊस किंवा हिमवर्षाव असेल तर बेत रद्द. वर ताडपत्री बांधून तळणं हा उपाय नाही, तो दुसरा अपघात आहे. सिमेंटवर डाग नकोत म्हणून खाली पुठ्ठे पसरू नका, वाळू पसरा.

शेगडीचे पाय डगमगतात का ते रिकाम्या भांड्याने पाहा. गॅसची टाकी शेगडीपासून दोन फूट तरी लांब आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला असावी, म्हणजे ज्योत तिच्याकडे वळणार नाही. जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती तपासा. नळी कोणाच्या पायात येणार नाही अशी टाका. मुलं आणि कुत्रा घरात, आणि तेल थंड होईपर्यंत घरातच. हे सांगायला एक माणूस वेगळा नेमावा लागतो, कारण तळणारा ते पाहू शकत नाही.

तळणाऱ्याने कोपरापर्यंतचे उष्णतारोधक हातमोजे, बंद बूट, डोळ्यांना चष्मा आणि सुती, अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत. नायलॉन-पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. पदर, ओढणी, लोंबता स्वेटर नको. जवळ भांड्याचं घट्ट बसणारं धातूचं झाकण आणि तेलाच्या आगीला चालणारं अग्निशामक नळकांडं ठेवा. पाण्याचा पाइप जवळ आणूच नका, म्हणजे घाईत कोणाचा हात त्याकडे जाणार नाही.

तापवणं, सोडणं, तळणं

दोन थर्मामीटर लागतात. लांब दांड्याचा एक भांड्याच्या कडेला अडकवून तेलात दोनतीन इंच बुडालेला, आणि दुसरा मांसात टोचायचा. तेलाचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात आधी तपासून घ्या. समुद्रसपाटीजवळ तो १०० अंश, म्हणजे २१२ फॅरनहाइट दाखवायला हवा. नंतर तो पूर्ण वाळवा. चुकीचा थर्मामीटर हे तेल पेटण्याचं एक नेहमीचं कारण आहे: काटा ३०० फॅरनहाइटवर अडकलेला आणि माणूस ज्योत वाढवत बसलेला.

तेल मध्यम ज्योतीवर ३५० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे १७७ सेल्सिअसपर्यंत आणा. याला अर्धा ते पाऊण तास लागतो. तेल धुरावायला लागलं तर लगेच गॅस बंद. तो धूर म्हणजे चव बिघडल्याची खूण आहेच, पण इशाराही आहे. तसंच तापत राहिलं तर तीनशे अंशांच्या पुढे तेलाच्या वाफा पेट घेण्याजोग्या होतात, आणि ज्योत तर खालीच आहे. भांड्यापासून हलायचं नाही. बाहेर वापरायच्या बऱ्याच शेगड्यांना पंधरा मिनिटांनी गॅस तोडणारा टायमर असतो तो यासाठीच. सारखं बटण दाबावं लागतं म्हणून तो काढून टाकू नका.

टर्की सोडण्याआधी गॅस पूर्ण बंद करा. सगळ्या लेखात एकच वाक्य लक्षात ठेवायचं तर हे. ज्योत नसेल तर उतू गेलेलं तेल सहसा नुसतं सांडतं. ज्योत असेल तर ते पेटतं.

टर्की मान खाली, तंगड्या वर अशी फ्रायरच्या स्टँडच्या उभ्या दांड्यावर बसवा. वरच्या कडीत आकडा अडकवा. आकडा लांब, भक्कम काठीला लावून दोघांनी दोन बाजूंनी धरला तर तोंड आणि हात भांड्याच्या वर येत नाहीत. एक इंच बुडवा, थांबा. फेस चढेल, उतरेल. मग आणखी थोडी. फेस काठाकडे येताना दिसला तर टर्की वर उचला, शमू द्या, पुन्हा सोडा. पुरती बुडायला दीड-दोन मिनिटं लागली पाहिजेत. हात भाजतो म्हणून झटकन टाकून देणं हेच भोवतं. फेस शांत झाला की गॅस पुन्हा पेटवा.

गार टर्कीमुळे तेलाचं तापमान झपाट्याने उतरतं. ते ३२५ ते ३५० फॅरनहाइटच्या दरम्यान आणून तिथेच धरा. खाली राहिलं तर कातडी तेल पिते आणि चिवट होते. ज्योत मोठी ठेवून निघून गेलात तर टर्की गरम होत येते तसं तापमान अचानक चढतं, तेव्हा शेवटच्या पंधरा मिनिटांत जास्त लक्ष द्या. वेळेचा हिशेब पाउंडामागे साडेतीन मिनिटं. बारा पाउंडांना ४२ मिनिटं.

हा हिशेब फक्त कधी तपासायचं ते सांगतो. झाली की नाही, ते मांसाचा थर्मामीटर सांगेल. तपासताना पुन्हा गॅस बंद, टर्की हळू उचला, पोकळीतलं तेल निथळू द्या. छातीच्या सर्वांत जाड भागात, मांडीच्या आत आणि पंखाच्या मुळाशी टोचा. हाडाला टेकवू नका, हाड वेगळं तापमान दाखवतं. तिन्ही ठिकाणी १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस, दिसलं पाहिजे. अमेरिकेच्या कृषी खात्याने ठरवलेला हा आकडा आहे. कमी असेल तर तितक्याच सावकाश पुन्हा सोडून पाच मिनिटं. रंगावर जाऊ नका. तळलेली टर्की आत कच्ची असतानाही बाहेरून गडद तांबूस दिसते.

जाळीवर वीस-तीस मिनिटं विसावू द्या. लगेच कापली तर रस ताटात जातो. झाकू नका, झाकल्याने कातडी मऊ पडते.

आग लागलीच तर

हात न भाजता पोचता येत असेल तर आधी टाकीचा गॅस बंद करा. भांड्यातच आग असेल तर झाकण आपल्यासमोर ढालीसारखं धरून आपल्या बाजूकडून पलीकडे सरकवत भांड्यावर बसवा आणि काढू नका. आत तेल तापलेलं असेपर्यंत हवा मिळाली की ते पुन्हा पेटतं. भांडं उचलायचं नाही, हलवायचं नाही. पाणी कधीच नाही. ते तळाशी जाऊन वाफ होतं आणि पेटतं तेल कारंज्यासारखं उडवतं. अग्निशामक लांबून मारा, जवळून मारल्याने तेल भांड्याबाहेर उडतं. आग भांड्याबाहेर पसरली असेल तर काही करत बसू नका; सगळ्यांना दूर न्या आणि ९११ हा तिथला आपत्कालीन नंबर लावा.

वाचताना हे सगळं जास्त वाटत असेल तर विजेवर चालणारा टर्की फ्रायर घ्या. त्यात उघडी ज्योत नसते, थर्मोस्टॅट असतो, तेल कमी लागतं आणि टर्की जाळीच्या टोपलीतून उतरवता येते. वितळवणं, वाळवणं आणि पातळीची खूण मात्र त्यातही तितकीच पाळावी लागते. तेलाशिवाय चालणारे, इन्फ्रारेड उष्णतेचे फ्रायरही मिळतात. कातडी तंतोतंत तळल्यासारखी होत नाही, पण बरीच जवळ जाते, आणि लहान मुलांच्या घरात आम्ही तोच सुचवू. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये, गॅलरीत किंवा गच्चीवर सिलिंडर नेऊन हा प्रयोग मुळीच करू नये.

उरलेलं तेल

तेरा लिटर तेल थंड व्हायला कित्येक तास लागतात. झाकण लावून ते रात्रभर तिथेच राहू द्या, पण मुलं आणि प्राणी तिकडे जाणार नाहीत याची सोय करून. सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळा आणि मूळच्याच डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवा. ते दोनतीनदा तरी पुन्हा वापरता येतं. काळं पडलं, खवट वास आला, किंवा तापवताना आधीपेक्षा लवकर धुरावलं तर टाकून द्या. प्रत्येक वापरानंतर धुराचा बिंदू थोडा खाली येतो, म्हणून जुन्या तेलात सुरक्षेची ती पन्नास अंशांची जागा उरलेली नसते.

डब्यावर मोठ्या अक्षरात ‘टर्की’ लिहा. घरात किंवा पाहुण्यांत शाकाहारी माणसं असतील तर हे तेल भजी-पुऱ्यांना चुकूनही जाऊ नये. झारा आणि गाळणीही वेगळ्या ठेवा. टाकायचं झाल्यास सिंकमध्ये ओतू नका, थंडीत ते नळीत थिजून बसतं. बंद डब्यात भरून गावातल्या पुनर्वापर केंद्रावर द्या. बरीच केंद्रं स्वयंपाकाचं जुनं तेल घेतात. उरलेलं मांस हाडांवरून सोडवून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं आणि तीन-चार दिवसांत संपवायला हवं. हाडांचा रस्सा उत्तम होतो.